कंपनीची खतावणी आणि नगरची जमाबंदी

हिशेबाच्या वहींत दोन जातींचे आकडे असतात. एक मोजलेले आणि दुसरे अजमावलेले. पेटींतील रोकड मोजतां येते. दहा जणांनीं मोजली तरी उत्तर एकच येतें. परंतु उधारीपैकीं किती वसूल होईल, कोठारांतील मालाची आज काय किंमत धरावी, एखादें यंत्र किती वर्षें चालेल, या प्रश्नांचीं उत्तरें मोजून मिळत नाहींत. तीं ठरवावीं लागतात. ठरविणारा प्रामाणिक असला तरी त्याचा अजमास चुकूं शकतो. आणि वहींत एकदां लिहिला गेला कीं अजमावलेला आकडाहि मोजलेल्या आकड्याच्याच रकान्यांत, त्याच शाईनें आणि तितक्याच रुबाबानें बसतो. वाचणाऱ्यास त्यांतील भेद दिसत नाहीं.

अनेक देशांत कारभार असलेल्या आजच्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत या भेदासाठीं एक स्वतंत्र प्रकरण असतें. हिशेबाचीं कोणतीं धोरणें स्वीकारलीं आणि कोणत्या ठिकाणीं स्वतःच्या निर्णयानें आकडा ठरविला, हें तेथें सांगावें लागतें. ही गोष्ट कोरडी व केवळ हिशेबनिसांच्या कामाची वाटते. परंतु अशाच एका कंपनीचा अजमास चुकला तर काय होतें, हें नगरच्या मुलखानें आणि त्याच्या शेजारानें एकोणिसाव्या शतकांत प्रत्यक्ष भोगलें आहे. ती कंपनी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, आणि अजमास होता जमिनीच्या उत्पन्नाचा.

लंडनच्या व्यापाऱ्यांना ३१ डिसेंबर १६०० रोजीं सनद मिळाली. आरंभीं एकेका सफरीचें भांडवल निराळें असे. सफर संपली, माल विकला, कीं भांडवल व नफा यांची वांटणी होई. अशा व्यवहारांत अजमासाला जागा थोडी. १६५७ मध्यें भांडवल कायमचें झालें आणि प्रश्नाचें स्वरूप पालटलें. धंदा जर कधीं संपावयाचाच नसेल, तर 'या वर्षीं नफा किती' हें सांगण्यासाठीं वाटेवरील जहाजांतला माल, वखारींतला साठा आणि विणकरांना दिलेल्या आगाऊ रकमा या सर्वांची किंमत मध्येंच थांबून ठरवावी लागते. १६६४ पासून कंपनीनें दुहेरी नोंदीची पद्धत स्वीकारली. प्रत्येक रक्कम दोन ठिकाणीं लिहिली जाई व दोन्ही बाजूंची बेरीज जुळावी लागे. तथापि बेरीज जुळली म्हणजे आकडा खरा ठरतो असें नाहीं. चुकीचा अजमासहि दोन्ही बाजूंस सारखाच लिहिला, तर वही बिनचूक जुळते.

१७६५ मध्यें बंगालची दिवाणी मिळाल्यावर हा व्यापारी संघ करवसूल करणारा राजा बनला. आतां त्याच्या एकाच वहींत व्यापाराचा नफा आणि राज्याचा महसूल यांची सरमिसळ होऊं लागली. म्हणून १८१३ च्या कायद्यानें पार्लमेंटनें कंपनीस व्यापाराचें खातें व मुलखाचें खातें वेगवेगळें ठेवण्यास भाग पाडलें. आज्ञा सोपी होती. पाळणें अवघड होतें. लंडनच्या कचेरीचा खर्च व्यापाराचा कीं राज्याचा? अमुक कर्ज फौजेसाठीं काढलें कीं माल भरण्यासाठीं? हिंदुस्थानांतील रुपयाचे इंग्लंडांत पौंड करतांना दर कोणता धरावयाचा? प्रत्येक प्रश्नास एकाहून अधिक उत्तरें संभवत, आणि प्रत्येक उत्तरागणिक कोणा एकाचा भार दुसऱ्याच्या माथीं जाई. लंडनमध्यें त्यावर वर्षानुवर्षें वाद झाले. ज्यांच्या पट्टींतून मुलखाचें खातें भरत होतें, त्यांस मात्र असा कांहीं वाद चालू आहे याची वार्ताहि नव्हती.

नगरचा मुलूख या खात्यांत आला तो पेशवाईच्या अखेरीस, १८१८ सालीं. त्यापूर्वीं १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला होता. पण महसुलाच्या दृष्टीनें कंपनीची नोंद सुरू झाली ती पेशव्यांचें राज्य गेल्यावर. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे जिंकलेल्या मुलखाचे कमिशनर होते आणि नगरचे पहिले कलेक्टर कॅप्टन हेन्री पॉटिंजर, जे पुढें हाँगकाँगचे पहिले गव्हर्नर झाले. त्या काळचा नगर जिल्हा आजच्यापेक्षां पुष्कळ मोठा होता. नाशिकचा प्रदेशहि १८६९ पर्यंत त्यांतच मोडत असे.

येथें हिशेब नव्हता असें मुळींच नव्हे. मलिक अंबरानें निजामशाहींत जमिनीचा आकार बांधून दिला होता. पेशव्यांच्या कारकीर्दींत कमाल आकार ठरला. प्रत्येक गांवीं कुळकर्णी मोडी लिपींत जमिनीचा झाडा, लावणीचीं पत्रकें आणि कुळवार वसुलाचीं खातीं ठेवीत असे. या वह्यांचा गाभा तीन शब्दांत सांगतां येतो: जमा, वसूल, बाकी. जमा म्हणजे मागणी, वसूल म्हणजे हातीं आलेली रक्कम, आणि बाकी म्हणजे उरलेलें येणें. या तिहींच्या मध्यें आणखी एक शब्द असे, तो म्हणजे सूट. पाऊस गेला, टोळ आले, फौजेनें शेत तुडविलें, तर जमा कमी करून सूट लिहिली जाई. कमाल आकार हा वरच्या टोकाचा आकडा होता. तो दरसाल जसाच्या तसा पदरांत पडेल असें गृहीत धरलेलें नसे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं महाल मक्त्यानें दिले जाऊं लागले आणि हें तारतम्य सुटलें. मक्तेदारास दूरदृष्टि ठेवण्याचें कारण नव्हतें. एल्फिन्स्टननें मक्त्याची चाल बंद केली व जुनी पद्धत राखण्याचें धोरण धरलें, हें त्याच्या १८१९ च्या अहवालावरून स्पष्ट दिसतें.

धोरण जुनें राहिलें. पण वही कोणासाठीं लिहावयाची हें बदललें. कुळकर्ण्याचें पत्रक पूर्वीं फार तर पुण्यास पोंचे. आतां गांवचा आकडा तालुक्यास, तालुक्याचा कलेक्टरास, कलेक्टराचा मुंबईस आणि मुंबईचा लंडनला जाऊं लागला. मुंबई इलाखा हा त्या काळीं तोट्याचा इलाखा समजला जाई. खर्च भागविण्यास त्याला बंगालच्या पैशाची मदत लागे. अशा इलाख्यांत नव्या मुलखाचा महसूल फुगीर दिसावा असें वरपासून खालपर्यंत सर्वांस वाटणें स्वाभाविक होतें. लढाया थांबल्यामुळें पहिलीं वर्षें भरभराटीचीं गेलीं. ओसाड जमीन लागवडीस आली. लौकरच धान्याचे भाव घसरले. रोख पट्टी तीच राहिली, परंतु ती भरण्यासाठीं अधिक ज्वारी विकावी लागूं लागली. त्यांतच १८२४ चा पाऊस गेला. वहींत बाकी वाढत चालली.

बाकी ही हिशेबांतील अत्यंत फसवी वस्तु आहे. ज्याचें येणें त्याला ती मालमत्ता वाटते. ज्याचें देणें त्याच्या घरीं तेवढ्या किंमतीचें कांहीं असेलच असें नाहीं. न येणारी बाकी जितकीं वर्षें वहींत ठेवावी तितकी वही श्रीमंत दिसते आणि शेतकरी भिऊन राहतो. त्यानें यंदा चांगलें पीक काढलें तरी तें मागील बाकींत जाणार. मग त्यानें चांगलें पीक कां काढावें?

या अडचणींतून मार्ग काढण्यासाठीं १८२६ च्या सुमारास एक मोठा प्रयोग हातीं घेण्यांत आला. त्याचे प्रवर्तक आर. के. प्रिंगल हे तरुण मुलकी अधिकारी. कंपनीचे अधिकारी इंग्लंडांत हेलिबरीच्या महाविद्यालयांत तयार होत. तेथें माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असत. प्रिंगल तेथलेच विद्यार्थी. त्या वेळीं रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धान्ताचा मोठा बोलबाला होता, आणि कंपनीच्या लंडनच्या कचेरींत त्याचे खंदे पुरस्कर्ते जेम्स मिल बसलेले होते. सिद्धान्ताचा मथितार्थ असा: जमिनीच्या एकूण उत्पन्नांतून मशागतीचा सर्व खर्च वजा केला कीं जें निव्वळ उत्पन्न उरतें, त्यांतूनच सरकारनें आपला वांटा घ्यावा; म्हणजे मजुरीवर किंवा भांडवलावर कर बसत नाहीं. तत्त्व निर्दोष होतें. प्रिंगलनीं दख्खनच्या जमिनीची मोजणी करविली, मातीच्या प्रती ठरविल्या, प्रत्येक प्रतीचें सरासरी उत्पन्न व खर्च काढला आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ हा सरकारचा आकार ठरविला.

शेंकडा ५५ हा आकडा नेमका दिसतो. पण तो कशाच्या शेंकडा, हाच खरा प्रश्न होता. एका बैलजोडीनें चार प्रकारच्या जमिनी नांगरल्या, तर बैलांचा खर्च कोणत्या शेताच्या नांवें किती टाकावयाचा? शेतकऱ्यानें स्वतः व बायकामुलांनीं केलेल्या कामाची मजुरी धरावयाची कीं नाहीं, आणि धरली तर कोणत्या दरानें? सरासरी भाव काढावयाचा तो स्वस्ताईच्या वर्षांचा कीं महागाईच्या? शेत गांवापासून लांब असेल तर खतपाण्याचा खर्च किती वाढवावा? प्रत्येक प्रश्नाला कोणी तरी उत्तर ठरविलें. तें उत्तर दुसऱ्या उत्तरानें गुणिलें, तिसऱ्यानें भागिलें आणि शेवटीं रुपये, आणे, पै अशा स्वरूपांत त्याचें पत्रक तयार झालें. मूळ माहिती गोळा करणारे हाताखालचे लोक होते. त्यांनीं लांच घेऊन कोठें उत्पन्न कमी तर कोठें जास्त लिहिलें, मोजणीहि सदोष झाली, असें पुढील सरकारी कागदपत्रांतच नमूद आहे. वरच्या मजल्यावरील गणित जितकें सूक्ष्म, तितका खालचा पाया डळमळीत होता.

१८३० च्या सुमारास हे दर लागू झाले. भीमेच्या उत्तर तीरावर नगरचा मुलूख आणि दक्षिण तीरावर इंदापूर. इंदापुरास या दरांचा फटका सर्वांत ठळकपणें बसला. पट्टी वसूल होईना. जबरीनें केली तर पुढील वर्षीं शेत पडित राही. १८३२-३३ च्या अवर्षणानें उरलासुरला धीर खचला. लोक गांवें सोडून शेजारच्या संस्थानी मुलखांत गेले. कांहीं जिल्ह्यांत लागवडीयोग्य जमिनीपैकीं एक तृतीयांशाहून अधिक जमीन वहिवाटीखालीं उरली नव्हती, असें चाळीस वर्षांनंतर मुंबई सरकारच्याच अहवालांत नमूद झालें.

नेमक्या याच काळीं लंडनमध्यें निराळी घडामोड चालू होती. १८३३ च्या कायद्यानें कंपनीचा व्यापार बंद करण्यांत आला. मग भागीदारांच्या नफ्याचें काय? साठ लाख पौंडांच्या भांडवलावर दरसाल शेंकडा साडेदहा, म्हणजे सहा लाख तीस हजार पौंड, हिंदुस्थानच्या महसुलांतून द्यावयाचे असें ठरलें. व्यापार नाहीं, जहाजें नाहींत, जोखीम नाहीं. तरीहि लाभांश निश्चित. या दोन नोंदी शेजारीं ठेवून पाहाव्या. भागीदाराचा आकडा कायद्यानें बांधलेला; त्यांत पावसापाण्याचा संबंध नाहीं. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा आकडा अजमासाचा; त्यांत सारा भरंवसा पावसावर. परंतु पहिला आकडा दुसऱ्यांतूनच काढावयाचा होता. अजमास चुकला तर तूट कोणी सोसावयाची याचा निकाल वही उघडण्यापूर्वींच लागलेला होता.

तथापि चूक ओळखणारेहि त्याच कारभारांत निघाले, हें नमूद करणें न्यायाचें होईल. एच. ई. गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी व लेफ्टनंट विंगेट हे एंजिनिअर यांनीं १८३५-३६ मध्यें इंदापुरांत नवी पाहणी सुरू केली. त्यांनीं निव्वळ उत्पन्न काढण्याचा हट्टच सोडला. जें खात्रीनें मोजतां येत नाहीं तें मोजल्याचा आव आणावयाचा नाहीं, असा त्यांचा एकंदर रोख होता. एका हवामानाचा व एका बाजारपेठेचा गांवांचा गट घ्यावयाचा. त्या गांवांची मागील वर्षांची जमा किती, वसूल किती, सूट किती, बाकी किती आणि लागवड वाढली कीं घटली, हें पाहावयाचें. आणि त्या अनुभवावरून गटाचा एकूण आकार माफक ठरवावयाचा. मग तो शेतांवर वांटण्यासाठीं मातीची प्रतवारी. उत्तम खोल काळी जमीन सोळा आण्यांची, आणि खोली, रंग, चुनखडी, उतार, वाळू असे दोष पाहून खालीं उतरत नऊ प्रती. पुढें हीच आणेवारी शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यांत रुळली.

या पद्धतींत दोन गोष्टी फार महत्त्वाच्या होत्या. दर तीस वर्षांसाठीं कायम. म्हणजे शेतकऱ्यानें विहीर खणली, ताल घातली, तर त्याचा लाभ त्यालाच. आणि दर परवडला नाहीं तर राजीनामा देऊन शेत सोडून देण्याची मोकळीक. या दुसऱ्या कलमामुळें अजमासाची दरसाल परीक्षा होऊं लागली. शेतें सुटूं लागलीं तर दर चुकला, हें वहीला कबूल करावें लागे. १८४७ मध्यें गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनीं संयुक्त अहवालांत हीं तत्त्वें एकत्र मांडलीं. नगर जिल्ह्याचे तालुकेहि शतकाच्या मध्याच्या सुमारास या पद्धतीखालीं आले. पडित जमीन पुन्हां वाहितीखालीं येऊं लागली. जमीन तीच, पाऊस तोच, नांगर तेच होते. बदलला होता तो केवळ आकडा ठरविण्याचा मार्ग.

तरी या मार्गांतहि एक अजमास लपलेला होताच. दर सरासरीवर बांधलेला असल्यानें सुकाळाच्या शिलकेंतून दुष्काळाची पट्टी भरावी, अशी त्यामागें कल्पना होती. कागदावर ती बरोबर आहे. परंतु नगरचा बराच भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. तेथें पाऊस दोन वर्षें रुसतो आणि तिसऱ्या वर्षीं अवकाळी येतो. सरासरीचें वर्ष हें हिशेबांत असतें. पारनेरच्या पठारावर किंवा कर्जतच्या माळावर तें क्वचितच उगवतें. शेतकऱ्याजवळ शिल्लक नसे. पट्टीचा हप्ता आला कीं तो सावकाराकडे जाई, आणि सरकारच्या वहींतली बाकी सावकाराच्या वहींत उतरे. सरकारी खातें स्वच्छ दिसे. देणें नाहींसें झालेलें नसे, तें केवळ दुसऱ्या पानावर गेलेलें असे.

१८५८ मध्यें कंपनीचें राज्य इंग्लंडच्या राणीकडे गेलें. तरी लाभांश चालूच राहिला आणि १८७४ मध्यें भागीदारांच्या भांडवलाची दुप्पट किंमत देऊन कंपनी कायमची विसर्जित झाली. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८७५ च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला आणि थोड्याच दिवसांत तो नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः खतांवर होता. सावकारानें कर्जरोखे हवालीं केले तर बहुधा तेवढ्यावर निभावे. नाहीं तर बळजबरी होई. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांनीं नेमका कागदच जाळण्यासाठीं मागितला. अक्षरओळख नसली तरी आपलें घर कोणत्या कागदांत अडकलें आहे हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

चौकशी झाली आणि १८७९ मध्यें दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस तो आरंभीं लागू होता. त्याचें मर्म हिशेबाच्या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. खतावर आंगठा आहे एवढ्यावर न्यायाधीशानें थांबूं नये; व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागें जावें, मुद्दल किती व व्याज किती हें वेगळें करावें, आणि मगच हुकूम द्यावा. सावकारानें पैसे मिळाल्याची पावती द्यावी व ऋणकोस हिशेबाचा उतारा द्यावा. शेवटचा आकडा पुरेसा नाहीं. तो कसा बनला हें उघड झालें पाहिजे, हें तत्त्व अशा रीतीनें कायद्यांत आलें. तें सावकाराच्या वहीस लागू झालें. सरकारच्या आकारणीस मात्र तसें आव्हान देण्याची सोय शेतकऱ्यास या कायद्यानें मिळाली नाहीं.

आज मोठ्या कंपन्यांस जें लेखामानक पाळावें लागतें, त्याचें मूळ अर्थातच नगरांत नाहीं. तें आंतरराष्ट्रीय नियमांवरून घेतलेलें आहे. भारतीय लेखामानक क्रमांक १ हें एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्यानें लागू झालें. त्यांत दोन गोष्टी उघड करावयास सांगितल्या आहेत: ज्या निर्णयांनीं आकड्यांवर सर्वांत मोठा परिणाम झाला ते निर्णय, आणि भविष्याविषयींचीं जीं गृहीतकें चुकल्यास पुढील वर्षीं आकडे मोठ्या प्रमाणांत बदलावे लागतील तीं गृहीतकें. दुसऱ्या एका मानकांत अजमास बदलणें आणि चूक दुरुस्त करणें यांत भेद केला आहे. अजमास बदलला तर तो पुढील काळापुरता; चूक असेल तर मागील वर्षांचे आकडेहि दुरुस्त करावे लागतात.

प्रिंगलच्या पत्रकास ही कसोटी लावली तर काय दिसतें? त्यांचे दर टाकून देण्यांत आले. पण अजमास बदलावा तसे, पुढील वर्षांपुरते. ज्यांनीं त्या दरापायीं घर सोडलें, त्यांचें मागील वर्ष कोणीहि दुरुस्त केलें नाहीं, आणि तें करतांहि येण्याजोगें नव्हतें. कंपनीच्या खतावणीच्या दोन्ही बाजू तेव्हांहि जुळत होत्या. इंदापुरांतील पडित शेतांसाठीं तींत रकाना नव्हता.

म्हणून अहवालाच्या शेवटीं बारीक अक्षरांत छापलेलें धोरणांचें व निर्णयांचें प्रकरण हें केवळ औपचारिक मानून सोडून देणें बरें नव्हे. आकडा कोणी ठरविला, कशावरून ठरविला, आणि तो चुकल्यास तूट कोणाच्या पदरीं पडणार, हे तीन प्रश्न तेथें विचारतां येतात. १८३० सालीं ते विचारण्याचा अधिकार ज्यांचें सर्वस्व पणास लागलें होतें त्यांना नव्हता. भीमेच्या दोन्ही तीरांवर आज उसाचे मळे डोलतात आणि प्रत्येक शेताच्या उताऱ्यावर आकाराचा रकाना असतो. त्या रकान्यांतील लहानशा आकड्यामागें हा सारा इतिहास उभा आहे.